मुक्या लग्नाचा बँड

कैरो शहरात उंट आता पूर्वीइतके दिसत नाहीत, पण उंटावरचे शहाणे मात्र अजिबात कमी झालेले नाहीत. शुब्रा भागातल्या ज्या इमारतीत उस्ताज वग्दी (उस्ताज म्हणजे 'साहेब') राहत, तिथे मजल्यागणिक निदान एक तरी होता. लिफ्ट कायमची बंद असल्यामुळे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वग्दींना रोज या सगळ्यांना ओलांडूनच घरी जावं लागे. हे लक्षात ठेवलं तर पुढे जे घडलं त्यात वग्दींचा दोष किती आणि जिन्याचा किती, हे वाचकांना ठरवता येईल.

सुरुवात एका शुक्रवारी जेवणाआधी झाली. वग्दींच्या सासूबाई, हज करून आल्यापासून 'हाग्गा' म्हणवणाऱ्या इन्शिराह, यांच्या लग्नाची एक जुनी फिल्म सापडली होती. पंचावन्न वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या दिरांनी ती काढली, दुसऱ्याच महिन्यात ते कॅनडाला गेले आणि फिल्म त्यांच्या माळ्यावर पडून राहिली. आता ते वारल्यावर मुलाने ती टपालाने पाठवून दिली. वग्दींनी स्वतः दुकानात जाऊन ती आजच्या यंत्रावर दिसेल अशी करून आणली, मोजणी खात्यातल्या आपल्या कचेरीतून नकाशे दाखवायचा प्रोजेक्टर मागून आणला, दिवाणखान्यात पांढरी चादर ताणली आणि सगळ्या कुटुंबाला बोलावलं. जावई म्हणून त्यांच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत सासूबाईंच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द बाहेर पडलेला नव्हता. आज तो पडणार, याची त्यांना मोजणीदाराला हद्दीच्या दगडाची असते तेवढी खात्री होती.

दिवे मालवले. चादरीवर माणसं हलू लागली.

"वग्दी, आवाज वाढव," हाग्गा म्हणाल्या.

"आवाज नाहीये, हाग्गा. तेव्हाच्या घरगुती कॅमेऱ्यात आवाज येत नसे."

"म्हणजे दुकानदाराने अर्धंच काम केलं, आणि तू पैसे देऊन घेऊन आलास."

चादरीवर वऱ्हाडी नाचत होते, टाळ्या पिटत होते, बायका तोंडाशी हात नेऊन आनंदाच्या आरोळ्या देत होत्या, कोपऱ्यात बँडवाले गाल फुगवत होते, आणि खोलीत ऐकू येत होता तो फक्त प्रोजेक्टरचा पंखा.

"हे लग्न आहे की मासळीबाजार?" हाग्गा म्हणाल्या. "सगळ्यांची तोंडं नुसती उघडतायत नि मिटतायत."

तेवढ्यात नवरा-नवरी समोर आले. फुलांनी सजवलेल्या कोचावर तरुण इन्शिराह, शेजारी त्यांचे यजमान अब्दुल मौगूद, मिशांना ताव दिलेले. नवरदेव नवरीच्या कानाशी वाकले. काहीतरी बोलले. आणि नवरीने चटकन रुमाल तोंडाला लावला, मान खाली घातली, आणि तिचे खांदे गदगदा हलू लागले.

"बघ," हाग्गांची धाकटी बहीण तहानी म्हणाली. "मी तेव्हापासून सांगतेय, तू रडली होतीस. आई म्हणालीच होती, पोरीला दक्षिणेत देऊ नका, ती माणसं लागट बोलतात."

"मी कशाला रडेन?" हाग्गा म्हणाल्या. मग त्या चादरीकडे वाकल्या. "काय म्हणाले असतील गं ते?" त्यांनी विचारलं. "मला काही म्हणजे काही आठवत नाही."

त्या दिवशी हाग्गांनी भरल्या कबुतराला हात लावला नाही. वग्दी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा त्या वग्दींच्या बायकोला, सुहैरला, सांगत होत्या, "त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. मी रोज त्यांच्या नावाने दुवा मागते. आणि पहिल्याच दिवशी मला रडवलं होतं की काय यांनी? मला तर त्यांचा आवाजसुद्धा आता नीट आठवेना झालाय, पोरी."

गणपती करायला गेलो आणि मारुती झाला, असं वग्दींचं झालं होतं. बरं, हा मारुती त्यांनी स्वतः कचेरीतून प्रोजेक्टर आणून घडवला होता. सासूबाईंच्या मनातला काटा आपणच घातलाय तर आपणच काढला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. फिल्मला आवाज द्यायचा. छान, सुखाचं संगीत घालायचं, म्हणजे ते रडणं निदान आनंदाश्रूंसारखं तरी दिसेल.

हा बेत त्यांनी फक्त बायकोला सांगितला होता. पण तो जिन्यात सांगितला.

तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर लमई औषधांचं दुकान चालवत, आणि कुठल्याही प्रश्नावर मात्रा सांगत. "व्हायोलिन घाला," ते म्हणाले. "सुरुवातीला थोडं, जेवणानंतर जास्त. लग्नाला व्हायोलिनसारखं काही नाही."

वग्दींची मुलगी मायसा बँकेत नोकरीला होती आणि असली कामं संगणकावर चुटकीसरशी करायची. तिने व्हायोलिन घातलं. परिणाम भयंकर होता. हाग्गांचे एक मामा मटणाची तंगडी खात होते. व्हायोलिन सुरू होताच असं वाटू लागलं, की तो बोकड त्यांच्या फार जवळचा होता. नवरीच्या मैत्रिणी तिला शेवटची भेटायला आल्यासारख्या दिसू लागल्या. आणि रुमालाचा प्रसंग आला तेव्हा सुहैरने उठून यंत्रच बंद केलं. "माझ्या आईला विकलंय असं वाटतंय," ती म्हणाली.

दुसऱ्या मजल्यावर निवृत्त जनरल बहगत राहत. ते इमारतीच्या मालक संघाचे अध्यक्ष होते. दुसरी फौज नसल्यामुळे ते आता हीच फौज चालवत. "रडकं संगीत कशाला, उस्ताज वग्दी? फौजी कूच घाला, कूच! पावलं कशी टाकतात बघा."

कूच घालून पाहिलं. पावलं खरोखरच टाकली जात होती. पण नवरा-नवरीला कैद करून छावणीत नेत आहेत आणि हाग्गांच्या सासूबाई पाहणी करतायत, असं दृश्य तयार झालं. मग वग्दींनी स्वतःच्या डोक्याने एक उडत्या चालीचं गाणं निवडलं. ते सर्वांत वाईट ठरलं, कारण सगळं गाव नाचतंय आणि नवरी एकटीच रडतेय, हे इतकं स्पष्ट याआधी कधी दिसलं नव्हतं.

वग्दी चक्रावून गेले. चित्र तेच, माणसं तीच, रुमाल तोच. जन्मभर त्यांनी डोळ्यांनी पाहून हद्दी ठरवल्या होत्या. आणि इथे डोळ्यांना काय दिसावं हे कान ठरवत होते. या शोधाने त्यांना खात्यातल्या जुन्या काही निकालांबद्दलही उगाच शंका येऊ लागली.

"आता गंमत बघ हं, बाबा," मायसा म्हणाली, आणि तिने खुनाच्या सिनेमात येतं तसं दबक्या ढोलाचं संगीत लावलं. नेमकी तेव्हा पडद्यावर तरुण तहानी गुलाबाच्या सरबताचं तबक घेऊन, हळूहळू, नवरीकडे हसत येत होती. नवरी पेला उचलते. ढोल वाढतात. नवरी रुमाल तोंडाला लावते आणि कोसळल्यासारखी वाकते.

ते पाहून मायसा आणि सुहैर पोट धरून हसल्या. दार उघडं राहिलं होतं. दारात कैऱ्यांच्या लोणच्याची बरणी घेऊन खरी तहानी उभी होती.

"पंचावन्न वर्षांनी," तहानी म्हणाली, "पंचावन्न वर्षांनी माझ्यावर विषप्रयोगाचा आळ. वग्दी, तुझ्या घरी मी पुन्हा पाणी पिणार नाही. प्यायचं कशाला, म्हणा. न जाणो, तुम्हीच काही घालाल." बरणी मात्र ठेवून ती निघून गेली.

त्यानंतर मायसानेच शहाणपणाची गोष्ट सुचवली. "बाबा, संगीत नकोच. लग्नात खरे जे आवाज असतात तेच घालू. टाळ्या, गलबला, आणि आईची झगरूता."

झगरूता म्हणजे जीभ टाळूशी नाचवत बायका जी लांबलचक आनंदाची लकेर काढतात ती. सुहैरची झगरूता खानदानात नावाजलेली होती. मायसाच्या मते आवाज घुमला पाहिजे, आणि घरात सर्वांत जास्त आवाज न्हाणीघरात घुमतो. म्हणून मायलेकी फोन घेऊन न्हाणीघरात गेल्या, आणि सुहैरने मनसोक्त लकेरी दिल्या. एकीत खोकला आला म्हणून दुसरी, दुसरीत नळ टपकला म्हणून तिसरी. वग्दी बाहेरून "वा, वा" म्हणत होते.

आता या इमारतीतल्या सगळ्या न्हाणीघरांच्या खिडक्या मधल्या एकाच पोकळीत उघडतात. तिथून प्रत्येक घराला प्रत्येक घरातली तळणी आणि प्रत्येक घरातलं भांडण कळतं. आणि आमच्याकडे झगरूता म्हणजे काही शिंक नव्हे, कुणालाही केव्हाही यावी. लग्न, साखरपुडा, नाहीतर परीक्षेचा निकाल. मायसाच्या परीक्षा कधीच संपल्या होत्या. इमारतीने काय तो निष्कर्ष काढला.

पहिल्यांदा राखणदार अम्म शहात वर आला. "मुबारक हो, उस्ताज! आपल्या मायसाचं ठरलं!"

"अरे, काही ठरलेलं नाही," वग्दी म्हणाले.

अम्म शहातने समजूतदारपणे डोळा मिचकावला. "बरोबर आहे. लोकांची नजर वाईट. नाहीच म्हणायचं."

त्यातच तर सगळी गोची होती. ज्याच्या घरी खरोखर ठरलेलं असतं तोसुद्धा दृष्ट लागू नये म्हणून "नाही नाही" म्हणतो. त्यामुळे वग्दी जितक्या जोराने नाही म्हणत तितकं लग्न पक्कं होत गेलं. संध्याकाळपर्यंत नवरा मुलगा आखातात इंजिनीअर होता. दुसऱ्या सकाळी त्याचा स्वतःचा फ्लॅट झाला. दुपारी डॉक्टर लमईंच्या दुकानात त्याला थोडं टक्कल पडल्याचंही कळलं.

"बाबा, फ्लॅटपर्यंत ठीक होतं," मायसा म्हणाली. "टकलाचं मी ऐकून घेणार नाही."

वग्दी जिन्यातून जाताना मान झुकवून अभिनंदन स्वीकारू लागले, कारण नाकारण्यात फार वेळ जाई. जनरलांच्या बायकोने तर अबोला धरला. "आम्ही शेजारी," ती सुहैरला म्हणाली, "आणि आम्हाला बातमी न्हाणीघरातून कळते." लगोलग जनरलांकडून संघाची नोटीस आली, की अंगणात कोणताही समारंभ करण्यापूर्वी विभाग कार्यालयाचा परवाना सादर करावा.

वग्दी स्वतः सरकारी माणूस. सरकारी घोळ सरकारी रीतीने मिटतो यावर त्यांचा विश्वास होता. विभाग कार्यालयातून 'समारंभ नाही' असा कागद आणला की जनरल गप्प बसतील, आणि जनरल गप्प बसले की इमारत. ते सुट्टी टाकून गेले.

"मांडवाचा परवाना?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"नको. मांडव घालायचा नाहीये."

"मग लग्न कुठे आहे?"

"लग्नच नाहीये. तसं लिहून हवंय."

"म्हणजे रद्द झालं. अरेरे." बाईंना खरोखर वाईट वाटलं. "होतं असं. मुलाकडच्यांनी मोडलं का?"

"मोडलं नाही हो, ठरलंच नव्हतं."

"रद्द करायला मूळ परवाना लागतो, काका. तो द्या, मी लगेच शिक्का मारते."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते हेच. पण वग्दींना या युक्तिवादात कुठेही फट सापडेना, आणि एका कर्मचाऱ्याला दुसऱ्याच्या कामाबद्दल वाटतो तसा आदर मनात दाटून आला. त्यांनी मूळ परवाना काढला. तो निघाला तेव्हा रद्द करण्याची खिडकी बंद झाली होती. असे ते, नसलेल्या लग्नाचा शिक्कामोर्तब झालेला परवाना हातात घेऊन घरी परतले, आणि जिन्यात जनरलांनी तो त्यांच्या हातातून घेऊन वाचला.

"शाब्बास," जनरल म्हणाले. "आता कसं नियमाने झालं. पुढचं आमच्यावर सोपवा."

पुढचं काय ते वग्दींना गुरुवारी कळलं.

गुरुवारी ऊन उतरल्यावर त्यांनी हाग्गांना मुद्दाम बोलावलं होतं. टाळ्या आणि झगरूता घातलेली फिल्म तयार होती. बँडचा आवाज काही मनासारखा मिळाला नव्हता, पण जे आहे ते दाखवायचं आणि काटा काढायचा, असा विचार होता. हाग्गा आल्या त्या काळ्या रेशमी पोशाखात. त्यांच्यामागोमाग तहानीही आली. या घरचं पाणी सोडलं असलं तरी साखरपुडा सोडायचं तिने म्हटलं नव्हतं.

"नातीचं लग्न ठरतं," हाग्गा सोफ्यावर बसत म्हणाल्या, "आणि आजीला भाजीवाल्याकडून कळतं."

"हाग्गा, तसं काही नाहीये, मी सांगतो सगळं," वग्दी म्हणाले. "आधी ही फिल्म बघा."

"ती नको." हाग्गांनी तोंड फिरवलं. "मला ते पुन्हा बघायचं नाही, वग्दी. माझा माणूस चांगला होता. मला तेवढंच आठवत राहू दे."

वग्दींचे हात प्रोजेक्टरवरच राहिले. इतके दिवस त्यांना आपल्या मानाची चिंता लागली होती. जिन्यात लोक काय म्हणतील, सासूबाई काय म्हणतील. आता त्यांना फक्त वाईट वाटलं, साधं, पोटातून. एका म्हाताऱ्या बाईजवळ नवऱ्याची आठवण होती तीही आपण हौसेखातर बिघडवून टाकली.

आणि तेवढ्यात खाली अंगणात बँड फुटला.

वाजला असं म्हणता येणार नाही. इमारतीने वर्गणी काढून मायसासाठी वाजंत्री आणली होती, आणि वर्गणी जेवढी जमली तेवढ्यात जो मिळाला तो हा बँड होता. लाल डगले घातलेले चार म्हातारे. ढोल आपल्या वेगाने, झांजा आपल्या मर्जीने, आणि या सगळ्यांवर एक ट्रम्पेट, जो वरच्या सुराला जाऊ पाही, अर्ध्या वाटेत दम तुटून खाली घसरे, आणि घसरताना हंबरडा फोडी.

वग्दींनी कपाळावर हात मारला. "मी थांबवतो त्यांना," म्हणत ते गच्चीच्या दाराकडे धावले. "हाग्गा, माफ करा, मी आत्ता खाली जाऊन सगळ्यांना खरं सांगतो."

"थांब," हाग्गा म्हणाल्या.

त्या उठून गच्चीत आल्या. खाली ट्रम्पेट पुन्हा चढला, पुन्हा घसरला. हाग्गांनी चटकन रुमाल काढून तोंडाला लावला, मान खाली घातली, आणि त्यांचे खांदे गदगदा हलू लागले.

"आई, रडू नकोस गं," सुहैर धावली.

हाग्गांनी रुमाल काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या हसत होत्या. इतक्या हसत होत्या की कठडा धरावा लागला.

"असाच," त्या म्हणाल्या, "अगदी असाच होता तो मेला ट्रम्पेटवाला! माझ्या लग्नातला! तहाने, आठवतंय का तुला?"

"बेसूर होता खरा," तहानी म्हणाली. "बाबांनी स्वस्तातला आणला होता. पण तू रडलीस ना?"

"रडले कुठली! हसू लपवत होते मी! नवरीने दात दाखवायचे नसतात, आणि आई समोर बसलेली. हे माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले," आणि इथे हाग्गांनी आवाज जाड केला, मान थोडी वाकडी केली, आणि त्यांच्या तोंडून दक्षिणेकडचा एक रांगडा शेतकरी बोलला, "'इन्शिराह, ह्यो गडी बाजा वाजवतुया का आमची म्हस अडलीया?'"

सुहैरने आईचा हात धरला. तो आवाज तिच्या वडिलांचा होता.

"आठवला," हाग्गा हळूच म्हणाल्या. "आवाज आठवला मला."

खाली झांजा पडल्या. जनरलांनी हात वर करून हाक दिली, "उस्ताज वग्दी! नवरीला गच्चीत आणा!"

वग्दींनी मायसाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, आणि कठड्यावर वाकून म्हणाले, "नवरी गच्चीतच आहे, जनरलसाहेब. लग्न आहे, पण ते पंचावन्न वर्षांपूर्वी झालंय. सगळे वर या. बँडसकट या."

वरातीमागून घोडं येतं असं ऐकलं होतं, पण इतक्या मागून कधी आलं नसेल. जिना माणसांनी भरला. डॉक्टर लमई सरबत घेऊन आले, जनरलांच्या बायकोने अबोला दाराबाहेर ठेवला, आणि म्हातारे बँडवाले धापा टाकत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभे राहिले. "म्हणजे तो इंजिनीअर?" अम्म शहातने विचारलं, आणि नाहीच असं कळल्यावर तो सर्वांत जास्त खट्टू झाला, फ्लॅट त्यानेच मिळवून दिला होता.

वग्दींनी मायसाने घातलेले सगळे आवाज काढून टाकले आणि फिल्म तशीच मुकी लावली. बँडवाले पडद्याकडे बघत वाजवू लागले. बायकांनी टाळ्या धरल्या. सुहैरने झगरूता दिली, आणि या खेपेला ती न्हाणीघरातून आली नाही. मामा मटण खात होते, आणि त्यांना फक्त भूक लागलेली होती. तहानी तबक घेऊन आली, आणि तिच्या पेल्यात फक्त सरबत होतं.

मग कोच दिसला. नवरदेव वाकले. ट्रम्पेट वर चढला, दम तुटला, घसरला.

"'ह्यो गडी बाजा वाजवतुया,'" काळ्या रेशमातल्या हाग्गा पडद्याकडे बघत नवऱ्याच्या आवाजात म्हणाल्या, "'का आमची म्हस अडलीया?'"

आणि पडद्यावरची नवरी रुमालात तोंड लपवून हसली. सगळ्यांना ती हसताना दिसली. तिला रडताना आपण कसं पाहिलं होतं, हे आता कुणाला सांगता आलं नसतं. तहानीसुद्धा हसता हसता वग्दींच्या घरचं पाणी मागू लागली.

"वग्दी," गलबला ओसरल्यावर हाग्गांनी विचारलं, "हा बँड कुणी शोधला?"

वग्दी प्रामाणिक माणूस होते. त्यांनी जनरलांकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, तीस वर्षांचा विचार केला, आणि म्हणाले, "मी."

"इतका भिकार बँड शोधायला अक्कल लागते," हाग्गा म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसून रुमालाची घडी घातली आणि ती पुन्हा लागणार म्हणून हातातच ठेवली. "लाव परत. आणि त्या ट्रम्पेटवाल्याला सरबत दे, पण जास्त नको. सुरात येईल."